एक गेट, चार वॉचमन

बाबांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे आमच्या घरी मिनिटांत सांगत नाहीत, कामांत सांगतात. ‘बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं,’ हे आईचं माप. पूर्वी आंघोळ पुरायची. गेल्या डिसेंबरात मी चार दिवस डोंबिवलीला राहायला गेले, तेव्हा आंघोळ, देवपूजा आणि पोळ्यांची कणीक एवढं सगळं उरकलं तरी स्क्रीनवरचं ते गोल चक्र आपलं फिरतंच होतं.

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण माझा लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडमिट होता आणि सोमवारी सकाळी एक लेख द्यायचा होता. फ्रीलान्सरचा लॅपटॉप बंद म्हणजे रिक्षावाल्याची रिक्षा बंद. म्हटलं, बाबांच्या डेस्कटॉपवर लिहू, त्यात काय एवढं?

शनिवारी दुपारी सातशे शब्द झाले. जाम खूश होते मी. सेव्ह केलं, तर वर्ड म्हणालं, इथे फाइल सेव्ह करायची तुम्हाला परवानगी नाही. माझी फाइल, मी लिहिलेली, आणि मलाच परवानगी नाही! पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. कोपऱ्यात एक लाल चौकोन उगवला: ‘संशयास्पद प्रोग्रॅमला तुमच्या फाइल्स बदलण्यापासून रोखलं आहे.’ संशयास्पद प्रोग्रॅम म्हणजे कोण, तर वर्ड! मी काही क्लिक करायच्या आत सगळं गोठलं. माऊस हलेना, की-बोर्ड चालेना. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं. सातशे शब्द गेले ते गेलेच.

‘‘बाबा, हे काय करून ठेवलंय तुम्ही?’’ मी ओरडलेच.

बाबा मागच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, ‘‘सिक्युरिटी आहे ती. तिला हात लावू नकोस.’’

आता सांगायला हरकत नाही, पण तेव्हा मला बाबांचा भयंकर राग आला होता. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. कॉम्प्युटर आले तेव्हा शाखेत सगळ्यात आधी शिकले ते हेच. लहानपणी मला माऊस धरायला यांनीच शिकवलं. आणि आता हे?

रविवारची सकाळ मी या प्रकरणाला दिली. आधी टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो येतो. काहीही उघडलेलं नसताना डिस्क शंभर टक्के बिझी! पहिल्या पाच जागांवर वेगवेगळ्या नावांची पण एकाच कुळातली मंडळी: कोणी ‘गार्ड’, कोणी ‘शील्ड’, कोणी ‘प्रोटेक्ट’. मग ‘विंडोज सिक्युरिटी’च्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’वर क्लिक केलं. मशीनवर कोणकोणते अँटीव्हायरस आणि फायरवॉल नोंदलेले आहेत, याची यादी तिथे मिळते. बहुतेक घरांत तिथे एक नाव असतं. आमच्याकडे अँटीव्हायरसच तीन निघाले. फायरवॉल दोन, एक विंडोजची आणि एक विकतची.

मग इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅम्सची यादी तारखेप्रमाणे लावली. कधी करून बघा हे. घरच्या जुन्या अल्बमसारखी असते ती यादी. प्रत्येक तारखेमागे काहीतरी घडलेलं असतं.

सगळ्यात खाली २०२१. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून हे मशीन असेंबल करून घेतलं, तेव्हा दुकानदाराने ‘सर, एक वर्षाचा फ्री देतो’ म्हणून टाकलेला अँटीव्हायरस. रिन्यू केला, मग संपला. पण संपला म्हणजे गेला नाही! तो रोज उठत होता, प्रत्येक फाइल तपासत होता, फक्त त्याच्याकडची गुन्हेगारांची यादी जुनी होती. त्याच्यावर २०२३चा गणपती. मावसभाऊ दर्शनाला आला, ‘काका, तुमचा एक्स्पायर झालाय’ म्हणाला आणि एक फुकटवाला टाकून, मोदक खाऊन गेला. सगळ्यात वर गेला सप्टेंबर: बाबांनी स्वतः क्रेडिट कार्डवर घेतलेलं ‘कम्प्लीट सिक्युरिटी’. त्यात फायरवॉल, व्हीपीएन आणि खंडणीखोर व्हायरसपासून फाइल्स वाचवणारी ती ढाल. तीच, जिने माझे सातशे शब्द खाल्ले.

आणि या दोघांच्या मध्ये, १३ ऑगस्ट. एकाच दिवशी दोन गोष्टी. एक, कधीही न ऐकलेल्या नावाचा ‘पीसी प्रोटेक्टर’. दोन, दुसऱ्या ठिकाणाहून आपला कॉम्प्युटर चालवता येतो तसला एक रिमोट प्रोग्रॅम.

‘‘हे काय आहे?’’

‘‘आलं असेल कशाबरोबर तरी,’’ बाबा म्हणाले. पेपर वरच.

मला वाटलं, असेल बापडं. आजकाल एकाबरोबर चार येतात. मी पुढे गेले.

‘‘पण इन्स्टॉल करताना ते विचारतं ना बाबा, की आधीचा अँटीव्हायरस आहे, तो काढू का म्हणून?’’

‘‘विचारलं की. मी ‘नको’ म्हटलं. असू दे, काय खातोय का तो?’’

खातोय! तेच तर! पण हे बाबांना कसं सांगायचं? बाबा सात वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. म्हटलं, त्यांच्याच भाषेत सांगू.

‘‘समजा, आपल्या गेटवर चार वॉचमन आहेत. चार वेगवेगळ्या एजन्सीचे. कोणी कोणाला ओळखत नाही. दूधवाला आला. पहिला म्हणतो, थांब, पिशवी दाखव. पिशवी तपासायला तो ती हातात घेतो. दुसऱ्याला दिसतं, कोणीतरी अनोळखी माणूस पिशवी उघडतोय. तो म्हणतो, थांब, आधी मी बघणार. तिसरा त्या दुसऱ्याला धरतो...’’

‘‘आणि वही एकच?’’ बाबांनी विचारलं. पेपर खाली आला होता.

‘‘वह्यासुद्धा चार.’’

‘‘मग दूध वर पोचेपर्यंत नासणार.’’

फंडा क्लिअर! अगदी हेच होतं. अँटीव्हायरस हा साध्या प्रोग्रॅमसारखा वरवर बसत नाही. विंडोजच्या पोटात, फाइल आणि ती मागणारा प्रोग्रॅम यांच्या मधल्या वाटेवर त्याचा एक ड्रायव्हर उभा असतो. त्याला फिल्टर म्हणतात. तुम्ही एक फोटो उघडला तरी मागणी आधी त्याच्याकडे जाते. तो म्हणतो थांब, फाइल वाचतो, मग सोडतो. एकच असेल तर हे इतकं झटपट होतं, की आपल्याला कळतही नाही. पण दोन असले, की पहिल्याने तपासायला फाइल उघडणं हीच दुसऱ्याच्या दृष्टीने नवी घटना. तो तिच्यावर धावतो. कधी नुसता वेळ जातो, कधी दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात आणि माऊस गोठतो.

हा ट्रॅफिक डोळ्यांनी बघायची सोय आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि ‘एफएलटीएमसी’ ही पाच अक्षरं टाइप करायची. फिल्टर्सची यादी येते, प्रत्येकापुढे त्याच्या उंचीचा आकडा. मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,३०,००० च्या दरम्यानची पट्टी राखून ठेवलीय. आमच्या यादीत त्या पट्टीत इतकी गर्दी, की संध्याकाळी सहानंतरचा डोंबिवलीचा ब्रिज आठवला.

यातले बाकीचे घोळही वॉचमनचेच. एकाने पकडलेला व्हायरस ‘क्वारंटाइन’ नावाच्या खोलीत कोंडून ठेवलेला असतो. दुसरा खिडकीतून डोकावतो आणि ‘चोर, चोर’ म्हणून बोंब मारतो. बाबांना रोज सकाळी ‘धोका सापडला’ असं दिसायचं ते यातूनच. एकच मेलेला व्हायरस रोज नव्याने पकडला जायचा आणि बाबा रोज नव्याने घाबरायचे.

बँकेची साइट उघडली की ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा यायचा, तोही याच घरचा. बँकेकडून येणारं पान सीलबंद पाकिटातून येतं. काही अँटीव्हायरस ते पाकीट वाटेत फोडतात, आत काय आहे ते वाचतात आणि स्वतःचं सील मारून पुढे पाठवतात. त्यासाठी त्यांनी ब्राउजरला आधीच पटवलेलं असतं, की आमचं सील चालेल. पण दोघांनी एकच पाकीट फोडलं, की सिलांचा मेळ बसत नाही आणि ब्राउजर म्हणतो, मला काही हे ठीक दिसत नाही. त्याचं बरोबरच असतं!

हे फक्त आमच्या डोंबिवलीत होतं असं नका समजू. सिक्युरिटीवाला इतका आत बसलेला असतो, की त्याचा पाय घसरला तर अख्खी इमारत पडते. एप्रिल २०१० मध्ये मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस समजून उचलली आणि जगभरची मशीन्स बंद-चालू, बंद-चालू करत बसली. जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाऊन’ दोषावरचा पॅच काढला, तेव्हा काही अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात नको तिथे हात घालत असल्याने निळी स्क्रीन यायला लागली. शेवटी मायक्रोसॉफ्टने सांगितलं, तुमचा अँटीव्हायरस आमच्याशी जुळतोय अशी त्याने नोंद केल्याशिवाय अपडेट मिळणार नाही. आणि १९ जुलै २०२४ तर आठवतच असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन्स आडवी केली आणि आपल्याकडच्या एअरपोर्टवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तिथे दोन वॉचमनचं भांडण नव्हतं, एकच होता. पण गेटवरच्या माणसाच्या हातात किती असतं, ते त्या दिवशी कळलं.

बाबांच्या पिढीचा अँटीव्हायरसवर इतका जीव का, हेही मला हळूहळू समजत गेलं. त्यांनी फ्लॉपीतून व्हायरस आलेले पाहिलेत. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या धंद्यातून अँटीव्हायरसची कंपनी उभी केली, ती क्विक हील, हे बाबा आजही कौतुकाने सांगतात. (आमच्या मशीनवरच्या चौघांत ती नव्हती, हे सांगून टाकते.) त्या काळी विंडोजकडे स्वतःचा पहारेकरी नव्हताच. विकत घेणं भागच होतं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस घरचाच म्हणून आला. विंडोज १० आणि ११ मध्ये तर तो इतका शहाणा आहे, की दुसरा अँटीव्हायरस आल्याची नोंद झाली की स्वतःहून बाजूला होतो आणि दुसरा गेला की पुन्हा कामावर रुजू होतो. म्हणजे गंमत बघा, बाबांनी तीन वॉचमन ठेवले आणि घरचा, फुकटचा, सगळ्यांत समजूतदार माणूस रजेवर पाठवला!

तर मी कामाला लागले. आधी बाबांचे फोटो, पेन्शनचे कागद, आईच्या रेसिपीजची फाइल, सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं. हे न करता पुढे जाऊ नका, कितीही घाई असली तरी. मग नियम एकच: एका वेळी एक. काढा, रीस्टार्ट करा, बघा, मग दुसरा. चौघांना एकदम हाकललं तर कोणी जाताना काय तोडलं ते कळत नाही.

सगळ्यात जुना आधी. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केला, ‘एफएलटीएमसी’ बघितलं, तर ड्रायव्हर आपला जागेवरच! नोकरी गेली तरी खोली सोडत नाहीत काही जण. म्हणून बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या स्वतःच साफसफाईचं एक वेगळं टूल देतात. ते त्यांच्याच साइटवरून घ्यायचं, सर्चमध्ये वर आलेल्या भलत्या लिंकवरून नाही. आणि चालवायचं सेफ मोडमध्ये, कारण तिथे विंडोज अगदी गरजेपुरतीच मंडळी जागी ठेवतं आणि वॉचमन झोपलेले असतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केलं, की ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबायचं. असं तीनदा केलं. प्रत्येक वेळी आई विचारायची, ‘‘झालं का गं?’’ आणि मी म्हणायचे, ‘‘होतंय.’’

संध्याकाळी सात वाजता तिसरा गेला. बटण दाबलं आणि चाळीस सेकंदांत डेस्कटॉप समोर. मी टाळ्याच वाजवल्या. बाबांकडे बघितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला होता.

‘‘आता काहीच नाही का याच्यावर?’’

‘‘आहे ना, डिफेंडर आपोआप सुरू झालाय. बघा, हिरवी खूण.’’

‘‘एकच?’’

‘‘एकच लागतो, बाबा.’’

राहिला होता तो १३ ऑगस्टचा जोडा. मी ‘पीसी प्रोटेक्टर’वर क्लिक करणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘थांब जरा.’’ आई खाली भाजी आणायला गेली होती. दार लोटलेलं आहे ना, हे त्यांनी एकदा बघितलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले.

१३ ऑगस्टला दुपारी आई झोपली असताना ते रेल्वेचं टाइमटेबल बघत होते. अचानक स्क्रीनभर लाल पान आलं. सायरन वाजायला लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमधून बँकेची माहिती चोरली जात आहे, मशीन बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा.’ बाबांनी फोन केला. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्र. प्रत्येक वाक्याला ‘सर’. त्याने तो रिमोट प्रोग्रॅम टाकायला सांगितला आणि मग बाबांसमोर त्यांच्याच मशीनवर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून दाखवला. लाल खुणांची लांबच लांब यादी. ‘सर, हे बघा, हे सगळे व्हायरस.’

तुम्हाला म्हणून सांगते, तुमच्याही कॉम्प्युटरवर तो उघडून बघा. ठणठणीत मशीनमध्येही तिथे लाल खुणा असतातच. एखादा प्रोग्रॅम वेळेवर सुरू झाला नाही, प्रिंटर सापडला नाही, अशा बारीकसारीक नोंदी असतात त्या. पण हे माहीत नसणाऱ्याला तो एक्स-रेच वाटतो आणि दाखवणारा डॉक्टर.

७,४९९ रुपये. यूपीआयने. ‘लाइफटाइम प्रोटेक्शन.’

‘‘संध्याकाळी शंका आली मला,’’ बाबा म्हणाले. ‘‘पुन्हा फोन लावला तर लागेना. मग झोपच उडाली. तो अजून आत असेल तर? म्हणून मग ते मोठं पॅकेज घेतलं. जुनं काढायची हिंमत होईना. म्हटलं, जितके असतील तितके असू देत. एकाच्या नजरेतून सुटला तर दुसरा धरेल.’’

म्हणजे मला जो गोंधळ वाटला होता, ती माझ्या बाबांची चार महिन्यांची भीती होती. रोज सकाळी ‘धोका सापडला’ वाचायचं आणि आईला चहाच्या वेळी काहीच झालं नाही असं दाखवायचं.

‘‘बाबा, मला का नाही सांगितलंत?’’

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तुझा तो लेख वाचला होता ना.’’

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. जूनमध्ये मी सायबर फसवणुकीवर एक सहाशे शब्दांचा पीस लिहिला होता. जरा खुसखुशीत लिही, असं सांगितलं होतं, मी लिहिलं. ‘शिकल्यासवरलेल्या माणसांचा भोळेपणा’ असा शब्दप्रयोग होता त्यात. एक वाक्य तर मला फार आवडलं होतं, फसलेल्यांना मोफत अक्कल वाटण्याबद्दलचं. बाबांनी ते कात्रण नेहमीप्रमाणे फाइलला लावलं होतं. माझे सगळे लेख असतात त्या फाइलमध्ये. आणि दोन महिन्यांनी ते स्वतः त्या लेखात जाऊन बसले होते.

काय बोलणार? मी ‘सॉरी’ म्हटलं. मोठ्या लेखिकेला तेवढाच एक शब्द सुचला.

मग मात्र आम्ही दोघंही कामाला लागलो, आणि या भागात मी गंमत करणार नाही, कारण तुमच्या घरी कधी लागेल सांगता येत नाही. कोणी अनोळखी माणूस रिमोटने मशीनमध्ये येऊन गेला असेल, तर त्याचा प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करून भागत नाही. जाताना त्याने काय मागे ठेवलं याची खात्री देता येत नाही. माझी दिवसभराची मेहनत पाण्यात गेली असं म्हणा, पण ठरलं, सगळं पुसायचं. आधी इंटरनेटची वायर काढली. पासवर्ड बदलायचे ते त्या मशीनवरून नाही, माझ्या फोनवरून बदलले: आधी ई-मेल, मग बँक, मग बाकी सगळे. यूपीआयमध्ये कुठे ऑटो-पे मंजूर झालंय का, ते तपासलं. नव्हतं. बँकेला कळवलं. १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. एवढ्या उशिरा पैसे परत येणं कठीण, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ते आलेही नाहीत. पैसे गेल्यावर पहिले काही तास सोन्याचे असतात. तेवढ्यात फोन गेला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आमचे ते तास लाजेत गेले.

रात्री ‘रीसेट धिस पीसी’ लावलं, सगळं काढून टाकण्याचा पर्याय निवडून. आईला काय सांगायचं, हा प्रश्न होता. बाबांनी स्वतःच सांगितलं, भाजी निवडता निवडता. आई ऐकून घेत म्हणाली, ‘‘एवढंच ना? मला वाटलं तब्येतीचं काही लपवताय. रात्री-अपरात्री उठून बसता ते.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘साडेसात हजार म्हणजे काही थोडे नव्हेत हं पण!’’ असंही म्हणालीच. ते राहायला नको.

माझा लेख? तो मी रात्री एक वाजता फोनवर अंगठ्यांनी टाइप करून पाठवला. सातशे शब्द आठवून आठवून. मूळचे जास्त चांगले होते, हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार.

सकाळी नवंकोरं विंडोज. फोटोंची डिस्क आधी स्कॅन केली, मगच उघडली. तरी बाबा त्या एकट्या डिफेंडरकडे नव्या कामवालीकडे बघावं तसे बघत होते. मग मी त्यांना ‘आयकार’ची ओळख करून दिली. अँटीव्हायरस जागा आहे का हे तपासण्यासाठी या क्षेत्रातल्या लोकांनीच बनवलेली ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. ती व्हायरस नाही, काहीही बिघडवत नाही. पण सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस समजायचं असं ठरलेलं आहे. सोसायटीत आगीचा सराव करतात, तसंच. आयकार संस्थेच्या साइटवर ती मिळते.

बाबांनी ती ओळ नोटपॅडमध्ये स्वतः टाइप केली, चष्मा कपाळावर सरकवून, एक एक अक्षर बघून. सेव्ह केली. दोन सेकंद काहीच झालं नाही. मग कोपऱ्यात सूचना आली आणि फाइल डोळ्यांदेखत गायब.

‘‘धरला!’’ बाबा म्हणाले. मग त्यांनी पुन्हा एकदा केलं. आणि तिसऱ्यांदा आईला बोलावून दाखवलं.

तरी दुसरं मत हवंच असेल तर मिळतं. दुसऱ्या कंपनीचा, मागितल्यावरच स्कॅन करणारा प्रोग्रॅम ठेवता येतो, जो एरवी गेटवर उभा राहत नाही. किंवा उलट, विकतचा अँटीव्हायरस कायमचा ठेवून डिफेंडरला अधूनमधून चक्कर मारायला सांगता येतं, विंडोजमध्ये तशी सोय आहे. महिन्यातून एकदा येणारा इन्स्पेक्टर चालतो. कायम उभा राहणारा मात्र एकच.

आता मॉनिटरच्या कडेला बाबांच्या अक्षरात एक पिवळा कागद चिकटवलाय. त्यावर १९३० आणि त्याखाली माझा नंबर. लाल पान दिसलं की ते आता आधी मला फोन करतात. गेल्या महिन्यात दोनदा केला. एकदा ती नुसती जाहिरात होती, एकदा प्रिंटरची शाई संपली होती. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होते, दोन्ही वेळा बाहेर येऊन बोलले.

हे सगळं लिहायची परवानगी मी त्यांच्याकडे मागितली, तेव्हा त्यांनी जरा विचार केला.

‘‘लिही,’’ म्हणाले. ‘‘नाव घालू नकोस. आणि तो ‘भोळे’ शब्द नको.’’

नाही घातला, बाबा. जुन्या लेखातला तेवढा सांगावा लागला.

आईची मात्र तक्रार आहे. कॉम्प्युटर चाळीस सेकंदांत सुरू होतो. ‘‘आता मी आंघोळीला कधी जायचं?’’